मार डोक्याला, पण नाडी पाहा

वस्तीत कुणाच्या डोक्याला मार लागला की पुढे काय होते, ते आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. टेंगूळ आले असेल तर त्यावर वाटी दाबायची. रक्त येत असेल तर हळद, नाहीतर कॉफीची पूड भरायची. जखम मोठी असेल तर गल्लीतल्या दवाखान्यात दोन टाके आणि धनुर्वाताचे इंजेक्शन. आणि माणूस बोलतो-चालतो आहे असे दिसले की सगळे एका सुरात म्हणतात, “काही नाही झालं, झोपू द्या त्याला.” त्यातून तो दारू प्यायलेला असेल तर विचारायलाच नको. “उतरली की उठेल.” बरेच जण उठतात. काही जण सकाळी उठत नाहीत.

मग मयताला जमलेली मंडळी म्हणतात, “रात्री तर चांगला बोलत होता. हार्टफेल झालं असेल.” या बोलण्यात अर्धे सत्य आहे. हृदय थांबले हे खरे, पण ते थांबण्याची सुरुवात कवटीच्या आत झाली होती. मेंदू आणि हृदय ही दोन वेगळी खाती आहेत, असे आपण धरून चालतो. शरीर तसे धरत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे : डोक्याला मार लागलेल्या माणसाचे नुसते डोके पाहून भागत नाही. त्याची नाडी आणि रक्तदाबही पाहिला पाहिजे, पहिल्या रात्रीही आणि पुढची काही वर्षेही. हे सगळे काम डॉक्टरवर सोडून चालणार नाही. त्यातला काही वाटा वस्तीने आणि विहाराने उचलला पाहिजे.

चालत गेलेला माणूस

क्रिकेट पाहणाऱ्या जुन्या मंडळींना रमण लांबा आठवत असेल. भारताकडून कसोटी आणि एकदिवसीय सामने खेळलेला हा फलंदाज २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यात एका क्लबच्या सामन्यात फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला उभा होता. षटकाचे थोडेच चेंडू उरले होते, म्हणून त्याने हेल्मेट मागवले नाही. फलंदाजाचा जोरदार फटका त्याच्या डोक्यावर बसला. तो पडला, पण उठला आणि आपल्या पायांनी मैदानाबाहेर गेला. थोड्या वेळाने त्याची शुद्ध गेली. शस्त्रक्रिया झाली, तरी २३ फेब्रुवारीला तो गेला. वय ३८. धडधाकट खेळाडू.

“चालत गेला म्हणजे बरा आहे” हा आपला समज किती फसवा आहे, हे सांगायला एवढे उदाहरण पुरे. कवटीच्या आत रक्त साचायला कधी मिनिटे लागतात, कधी तास. म्हाताऱ्या माणसांत तर कित्येक आठवडेही लागतात. त्या मधल्या वेळात माणूस चहा पितो, हसतो, मोबाइल बघतो. तो वेळ म्हणजे उपचाराची संधी असते आणि आपण नेमका तोच वेळ झोपेत घालवतो.

आपल्या वस्तीत क्रिकेटचा चेंडू हे कारण क्वचित असेल. पण परांचीवरून पडणारा नाका कामगार, पोटमाळ्याच्या लोखंडी शिडीवरून पाण्याची कळशी घेऊन घसरणारी बाई, सार्वजनिक संडासाच्या ओल्या पायऱ्यांवर पडणारे आजोबा, हेल्मेटशिवाय डिलिव्हरीच्या गाडीवर पळणारा पोरगा, पतंगाच्या नादात पत्र्यावरून खाली येणारे लेकरू, हे सगळे आपलेच आहेत. आणि एक कारण आपण उघड बोलत नाही. “न्हाणीत पडले” असे सांगणाऱ्या प्रत्येक बाईचे डोके न्हाणीतच आपटलेले नसते.

बंद डबा आणि धडपडणारे हृदय

मेंदूचे वजन शरीराच्या साधारण दोन टक्के. पण हृदय जेवढे रक्त बाहेर ढकलते त्यातले सुमारे पंधरा टक्के एकटा मेंदू घेतो, म्हणजे मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास. त्याच्याकडे साठा नसतो. रक्त काही मिनिटे पूर्ण थांबले की मेंदूच्या पेशी मरू लागतात.

आता कवटीचा विचार करा. हा हाडांचा बंद डबा आहे. त्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी एवढेच मावते. मार लागल्यावर आत रक्त साचले किंवा मेंदूला सूज आली, तर डबा फुगत नाही, आतला दाब वाढतो. पाण्याच्या ड्रमच्या तळाला नळी लावून पाणी वर चढवायचे असेल तर जोर जास्त लागतो, तसेच इथे होते. हृदयातून येणाऱ्या रक्ताला त्या वाढलेल्या दाबाविरुद्ध आत शिरावे लागते. मेंदू उपाशी राहू लागला की तो हृदयाला हुकूम सोडतो, जोर वाढव. मग रक्तदाब चढतो. चढलेला दाब शरीराला जाणवतो आणि नाडी मंदावते. पुढे श्वासही वेडावाकडा होतो.

चढलेला रक्तदाब, मंद नाडी आणि बिघडलेला श्वास या तीन खुणा एकत्र दिसणे म्हणजे कवटीतला दाब जीवघेणा झाल्याची सूचना, हे अमेरिकेतले शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. आजही जगभरच्या अपघात विभागांत हे शिकवले जाते. पण एक लक्षात ठेवा, ही शेवटची घंटा आहे. तिची वाट पाहत बसायचे नसते.

आजीची गोळी देऊ नका

इथे आपल्या घरांत एक मोठी चूक होऊ शकते. हल्ली बऱ्याच घरांत बीपीचे यंत्र किंवा निदान बीपीच्या गोळ्या असतात. पडलेल्या माणसाचे डोके दुखते आहे, कुणीतरी बीपी मोजते, १८० भरते. शेजारीण म्हणते, “बीपी वाढलाय, आजीची गोळी द्या.” असे कधीही करू नका. मार लागल्यावर चढलेला दाब हा अनेकदा मेंदूपर्यंत रक्त पोहोचवण्याची शरीराची धडपड असते. ती धडपड घरच्या घरी गोळीने मोडली तर मेंदूचा उरलासुरला पुरवठाही तुटू शकतो. चढलेला दाब दिसला तर त्यावर एकच घरगुती उपाय आहे : रुग्णवाहिकेला फोन.

दुसरी चूक डोकेदुखीच्या गोळीची. अॅस्पिरिन असलेली गोळी रक्त पातळ करते, आयब्युप्रोफेनही रक्तस्रावाचा धोका वाढवू शकते. पहिल्या दिवसांत या गोळ्या नकोत. दुखत असेल तर साधे पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना दाखवून. आणि ज्यांना हृदयविकारासाठी, स्टेंटसाठी किंवा पक्षाघातानंतर रक्त पातळ करणारी गोळी रोज चालू आहे, त्यांच्या डोक्याला साधा धक्का लागला तरी इस्पितळ गाठावे आणि तिथे गोळीचे पाकीट आधी दाखवावे.

दाब उतरला तर?

चढलेल्या दाबाइतकाच, किंबहुना जास्त घातक असतो उतरलेला दाब. अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसले, की डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णाचा वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला, तरी मृत्यूचे प्रमाण जवळपास दुप्पट होते. कारण उघड आहे. आत दाब वाढलेला आणि बाहेरून जोर कमी, मग मेंदूत रक्त जाणार कसे?

म्हणून रक्त थांबवणे ही डोक्याच्या माराची पहिली सेवा. टाळूच्या कातडीत रक्तवाहिन्या दाट असतात आणि कापल्यावर त्या सहज मिटत नाहीत. त्यामुळे छोट्या जखमेतूनही खूप रक्त जाते. लहान मुलाला तेवढ्यानेही धोका होऊ शकतो. स्वच्छ सुती कापड घडी करून जखमेवर ठेवा आणि दहा मिनिटे सलग दाबून धरा. सारखे उचलून बघू नका. हाड आत दबलेले वाटले तर तिथे जोर देऊ नका, भोवती हलकी पट्टी बांधा. हळद, चुना, कॉफी, तंबाखू यातले काहीही भरू नका.

मोठ्या माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. बाहेर फार रक्त दिसत नाही आणि तरी तो पांढराफटक, घामेजलेला, नाडी जलद आणि बारीक, असे असेल तर रक्त दुसरीकडे जाते आहे. पोटात, छातीत, मांडीच्या किंवा कमरेच्या हाडाजवळ. डोक्याच्या टाक्यांवर सगळ्यांचे लक्ष आणि माणूस पोटातल्या रक्तस्रावाने जातो, असे व्हायला नको.

रक्ताचा विषय निघाला म्हणून एक आठवण. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला वेगवान चेंडू लागून भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याची कवटी फुटली. तातडीने शस्त्रक्रिया झाली आणि रक्त लागले. ते देणाऱ्यांमध्ये वेस्ट इंडिजचा कृष्णवर्णीय कर्णधार फ्रँक वॉरेल होता. कॉन्ट्रॅक्टर वाचला. रक्ताला जात नसते आणि वर्णही नसतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. ६ डिसेंबरला आणि १४ एप्रिलला आपली पोरे रक्तदान करतात. ते रक्त अशाच कुणाच्या तरी मेंदूपर्यंत प्राणवायू घेऊन जाते.

हृदयावर येणारे वादळ

मेंदूला जोराचा धक्का बसला की शरीरात अॅड्रेनालिनचा पूर येतो. हृदय सुसाट धावते. कधी ठोके अनियमित होतात. ईसीजीवर हृदयविकाराच्या झटक्यासारखे बदल दिसतात, रक्ताच्या तपासणीत हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे कळते. काही रुग्णांत हृदयाचा स्नायू थकून त्याची ताकद काही दिवस कमी होते, फुप्फुसात पाणी होते. रक्तवाहिनीत गुठळी नसतानाही हे होऊ शकते आणि बऱ्याच जणांत ते भरूनही येते, पण त्यासाठी वेळेवर लक्षात यायला हवे.

उलट्या दिशेनेही विचार करायला हवा. एखादे आजोबा चालता चालता कोसळले आणि डोके फुटले. सगळे म्हणतात पाय घसरला. पण आधी हृदयाचा ठोका चुकला, शुद्ध गेली आणि म्हणून ते पडले असतील तर? पडण्याआधीचे काहीच आठवत नसेल, तर टाक्यांबरोबर ईसीजी काढा म्हणून डॉक्टरांना विनंती करा. ती साधी तपासणी आहे आणि सरकारी इस्पितळांत होते.

गंभीर मारातून वाचलेल्या काही रुग्णांना पुढे काही दिवस-आठवडे मधूनच झटके येतात. अंगाला दरदरून घाम, नाडी धावते, रक्तदाब चढतो, ताप येतो, हातपाय ताठ होतात. थोड्या वेळाने सगळे शांत होते. मेंदूचा हृदयावरचा लगाम ढिला झाल्याचे हे लक्षण आहे. त्यावर औषध आहे. पण नातलगांपैकी कुणीतरी हमखास म्हणते, “याच्या अंगात येतंय, बाहेरचं आहे, एकदा दाखवून आणा.” बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून हे ऐकू येऊ नये. बाबासाहेबांनी आपल्याला देवदेवस्कीतून बाहेर काढले ते फक्त पूजेपुरते नाही. आजाराचे कारण शोधायचे, तोडगा शोधायचा नाही, हाही त्याचाच भाग आहे.

सीटीस्कॅन नॉर्मल आला, म्हणजे संपले?

बऱ्याच जणांचा सीटीस्कॅन नॉर्मल येतो आणि ते घरी येतात. चांगली गोष्ट आहे. पण काहींना पुढे कित्येक आठवडे उभे राहिले की चक्कर येते, छाती धडधडते, दोन जिने चढले की दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, “नाटकं करतो, कामाला जायचं नाही म्हणून.” ते नाटक नसते. उभे राहताना रक्तदाब सांभाळण्याचे काम मेंदू आपोआप करत असतो, ते माराने काही काळ विस्कटते. अशा माणसाने एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी, मग थोडे थोडे चालायला लागावे. भरपूर पाणी प्यावे, बिछान्यावरून उठताना आधी बसावे, मग उभे राहावे. परांचीवर, गटाराच्या तोंडावर किंवा गाडीवर मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जाऊ नये. एका माराच्या वर दुसरा मार फार वाईट. जो दीर्घकाळ अंथरुणावर आहे, त्याचे पाय रोज हलवावेत. एका पायाला सूज आली, दुखू लागले किंवा अचानक दम लागला तर रक्ताची गुठळी असू शकते, थांबू नये.

आणि आता लांबचा हिशोब. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना आधी असे जुनाट आजार नव्हते अशा हजारो लोकांची दहा वर्षांपर्यंतची नोंद त्यांनी तपासली. डोक्याला मार लागलेल्यांत पुढे उच्च रक्तदाब जडण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे अडीचपट निघाले. ज्यांचा मार किरकोळ समजला गेला होता, त्यांच्यातही ते वाढलेलेच होते. मारामुळेच रक्तदाब झाला असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण तीस वर्षांच्या पोराचा अपघात झाला असेल तर त्याचा रक्तदाब पुढे दर काही महिन्यांनी मोजावा, एवढे तरी त्यातून नक्की ठरते. मोजायला दोन मिनिटे लागतात. आपल्याकडे डिस्चार्ज कार्ड फाईलमध्ये जाते, फाईल पत्र्याच्या पेटीत जाते आणि पेटी थेट पक्षाघाताच्या दिवशी उघडते.

“पण पैसे कुठून आणायचे?”

यावर वस्तीतून येणारा आक्षेप मला माहीत आहे. “प्रत्येक टेंगळाला इस्पितळात पळालो तर रोजी बुडते, तिथे तासन्‌तास बसवतात, वर पोलिसांचं लचांड.” आक्षेप खोटा नाही. म्हणूनच प्रत्येक टेंगळाला पळा असे मी म्हणत नाही. मी म्हणतो, कुणी पळायचे ते ठरवून ठेवा.

क्षणभर जरी शुद्ध गेली असेल, काय झाले ते आठवत नसेल, उलट्या होत असतील, डोकेदुखी वाढत असेल, झटका आला असेल, बोलणे अडखळत असेल, एका बाजूची ताकद कमी झाली असेल, एक बाहुली मोठी दिसत असेल, नाकाकानातून रक्त किंवा पाणी येत असेल, माणूस उंचावरून किंवा गाडीवरून पडला असेल, वय पासष्टच्या पुढे असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा तो दारू प्यायलेला असेल, तर थेट मोठ्या इस्पितळात. तान्ह्या बाळाची टाळू फुगली, ते दूध पिईना किंवा सारखे किंचाळू लागले तरीही. उचलताना मान वळवू नका. गुंगीत असलेल्याला पाणी पाजू नका.

वेळेलाही किंमत आहे. रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे स्वस्त औषध आहे. बारा हजारांहून जास्त रुग्णांवर झालेला त्याचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सौम्य ते मध्यम मारात ते तीन तासांच्या आत दिले तर मृत्यू कमी होतात, असे त्यात दिसले. आपण “सकाळी बघू” म्हणतो, तेव्हा हे तीन तास जातात.

हक्कही माहीत असू द्या. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून मोफत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितले आहे, की जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य, पोलिसांचे कागद नंतर. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रिया आणि अपघाताचे उपचार येतात. योजनेच्या इस्पितळात आरोग्यमित्र बसतो, त्याला गाठा. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारने २०२५ पासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोखरहित उपचारांची योजना लागू केली आहे.

मार हल्ल्यातला असेल, मग तो जातीय असो की घरातला, तर डॉक्टरांना खरे कारण सांगा आणि तशी नोंद करायला लावा. शुद्धीची अवस्था, नाडी आणि रक्तदाब केसपेपरवर वेळेसह लिहिलेले असणे उपचारालाही लागते आणि पुढे न्यायालयातही लागते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले, १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा उभा राहिला. आजारी आणि जखमी कामगाराला दया नको, हक्क हवा, ही ती दृष्टी. आज आपली निम्मी पोरे नाक्यावर किंवा ठेकेदाराकडे काम करतात आणि या विम्याबाहेर आहेत. बांधकामावर जाणाऱ्यांनी निदान बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवावे आणि ठेकेदाराकडे हेल्मेट मागावे. मागितल्याशिवाय ते मिळत नाही, हे आपण अनुभवाने जाणतो.

विहाराने काय करावे

माझी सूचना महाग नाही. प्रत्येक विहारात एक चांगले बीपीचे यंत्र असावे. दोन तरुण आणि दोन तरुणी यांना नाडी मोजणे, बीपी घेणे, रक्त थांबवणे आणि जखमीला उचलणे शिकवावे. जवळच्या दवाखान्यातल्या सिस्टर हे एका दुपारी शिकवू शकतील. त्या चौघांची नावे आणि फोन विहाराच्या फळ्यावर लिहावेत. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर बीपी मोजावे आणि ज्यांच्या डोक्याला कधी मार लागला आहे त्यांची वेगळी वही ठेवावी. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या पैशांत असे कितीतरी विहारांचे काम होईल. डीजे वाजला की दुसऱ्या दिवशी कान दुखतात. यंत्र घेतले तर कुणाची तरी आई उरते.

नाडी मोजणे अवघड नाही. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा, तीस सेकंद ठोके मोजा, दुप्पट करा. मोठ्या माणसाची साधारण साठ ते शंभर असते. एका आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा. आठ वाजता ८४ होती, दहा वाजता ५४ झाली आणि माणूस सुस्तावला, तर तेव्हाच निघा. डॉक्टरांनी घरी पाठवले असेल तरी पहिले चोवीस तास त्याला एकटे ठेवू नका. झोपायला हरकत नाही, पण दर दोन तासांनी उठवून नाव, जागा विचारा. उठत नसेल, असंबद्ध बोलत असेल, तर पहाटेची वाट पाहू नका.

विनयपिटकातल्या महावग्गात जीवकाची एक गोष्ट आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीला सात वर्षे डोक्याचा असाध्य विकार होता. जीवकाने त्याचे डोके उघडून उपचार केला, पण आधी अट घातली, की एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि उताणे सात महिने पडून राहावे लागेल. श्रेष्ठी कबूल झाला, पण प्रत्येक बाजूवर सात-सात दिवसांतच कंटाळला. आणि तेवढ्यात तो बराही झाला. जीवकाने हसून सांगितले, की एकवीस दिवस पुरतील हे त्याला ठाऊक होते, पण महिने सांगितले नसते तर तो दिवसही पडून राहिला नसता. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा वैद्य आजारही ओळखत होता आणि माणसाचा स्वभावही.

त्याच महावग्गात तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन, सोबत्यांनी टाकून दिलेल्या एका आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतले, बिछान्यावर ठेवले आणि भिक्खूंनी एकमेकांची शुश्रूषा करावी असा नियम घालून दिला. आपल्या वस्तीत त्या नियमाचा आजचा अर्थ मला असा दिसतो : दारू पिऊन पडलेला असो, नवऱ्याने ढकललेली असो की परांचीवरून कोसळलेला असो, डोक्याला मार लागलेल्या माणसाशेजारी पहिल्या रात्री कुणीतरी जागे बसले पाहिजे. त्याच्या मनगटावर बोटे ठेवून, घड्याळाकडे पाहत.

जय भीम. नमो बुद्धाय.